दिवाळी अंक : हास्यचित्राची शाळा आणि पेढी

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि पुढे मराठीत दिवाळी अंकांची जी प्रथा रूढ झाली तिची वाङ्मयीन बाजू पुष्कळ अभ्यासली गेली आहे. मात्र या अंकांनी व्यंगचित्रकार घडवले आणि काही अंशी पोसले, या बाजूकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. वस्तुतः मराठी हास्यचित्राला जे स्वरूप आले ते बऱ्याच प्रमाणात त्याच्या गिऱ्हाइकाने ठरवले, आणि हे गिऱ्हाईक वर्षातून एकदाच दाराशी येणारे होते.

व्यंगचित्र ही व्यापक संज्ञा आहे. व्यक्तीच्या चेहऱ्यातील नेमकी लकब हेरून ती वाढवून दाखवणारे ते अर्कचित्र, चालू घटनेवर मल्लिनाथी करणारे ते राजकीय व्यंगचित्र, आणि कोणा व्यक्तीचा वा घटनेचा आधार न घेता केवळ एखाद्या विसंगतीतून हसू निर्माण करणारे ते हास्यचित्र. यांपैकी राजकीय व्यंगचित्राचे आयुष्य बहुधा दुसऱ्या दिवशीच्या अंकापर्यंत असते, तर दिवाळी अंकासाठीचे चित्र उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात काढले जाते, शरदात छापले जाते आणि वाचनालयातून पुढचे कित्येक महिने फिरत राहते. इतका काळ ताजे राहील असा विनोद बातमीवर उभा राहू शकत नाही. तो घर, बसथांबा, दवाखाना, लग्न, शेजार अशा कायमच्या विषयांकडे वळतो, आणि मराठीत हास्यचित्राचे पारडे जड झाले याचे एक महत्त्वाचे कारण हेच असावे.

ही कला शिकण्याचा सरळ मार्ग फारसा नव्हता. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात मानवाकृतीचे रेखाटन, अक्षरलेखन, संकल्पन यांची पक्की तालीम मिळे. कल्पना सुचण्याची तालीम मात्र ज्याची त्याला घ्यावी लागे, आणि ती प्रामुख्याने 'पंच'सारखी परदेशी नियतकालिके व डेव्हिड लोसारख्या चित्रकाराची कामे न्याहाळून घेतली जाई. याच महाविद्यालयाने प्रवेश नाकारलेले आर. के. लक्ष्मण पुढे देशातील सर्वाधिक परिचित व्यंगचित्रकार ठरले, एवढ्यावरून औपचारिक शिक्षण निरुपयोगी होते असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल, कारण शि. द. फडणीस यांच्या रेषेतील शिस्त त्याच महाविद्यालयातून आलेली आहे.

दुसरा शिक्षक छापखाना. अक्षरजुळणीच्या काळात चित्र छापण्यासाठी त्याचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, करावा लागे. चित्राचे छायाचित्र घेऊन त्याची प्रतिमा जस्ताच्या पत्र्यावर उतरवली जाई, आम्लाने रिकामा भाग कोरून काढला जाई आणि उठावात राहिलेल्या रेषेलाच शाई लागे. अशा रेषाठोकळ्यात काळे आणि पांढरे एवढेच शक्य असल्याने करडी छटा हवी असेल तर ती आडव्यातिडव्या रेघांनी किंवा ठिपक्यांनी सुचवावी लागे, आणि मूळ चित्र मोठे काढून ते लहान करून छापले जात असल्याने फार दाट रेघोट्या मारल्या तर छपाईत त्यांचा चिखल होई. कमी रेषांत नेमके सांगण्याचा जो गुण समीक्षक शैली म्हणून वाखाणतात, त्यात जस्ताच्या पत्र्याचाही वाटा आहे.

अनंत अंतरकर यांच्या 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' या मासिकांनी या चित्रांना मुखपृष्ठाचा मान दिला. 'मोहिनी'च्या 1952 च्या दिवाळी अंकावर फडणीसांनी एक तरुण आणि एक तरुणी शेजारीशेजारी उभे केले, एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी आणि दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची. खाली एक शब्दही नाही, आणि त्याची गरजही नाही. शब्दाविना हसवणाऱ्या अशा चित्राचा व्यावहारिक लाभ असा की, ते भाषेच्या सीमेपाशी अडत नाही आणि अंक जुना झाला तरी शिळे होत नाही. म्हणूनच तीच चित्रे पुढे 'हसरी गॅलरी' या प्रदर्शनाच्या व पुस्तकाच्या रूपाने पुन्हा लोकांसमोर येऊ शकली, आणि तीच चित्रभाषा बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत मुलांच्या उपयोगी पडली.

मधुकर पाटकर यांच्या 'आवाज' या दिवाळी अंकाने वेगळाच प्रकार रुजवला. त्यातील खिडकीचित्रात पानाला कापून एक झरोका ठेवलेला असे. त्यातून मागच्या चित्राचा जेवढा तुकडा दिसे तेवढ्याने वाचकाच्या मनात काहीतरी चावट यावे आणि पान उलटताच प्रकरण अगदी निरुपद्रवी निघावे, अशी ती योजना. तिच्यावर अभिरुचीचे आक्षेप घेणे सोपे आहे, परंतु एकच आकार दोन संदर्भांत दोन अर्थांनी वाचला जाईल असा बेतणे, आणि छपाई, कापणी व बांधणीत तो जागचा न हलू देणे, हे रचनाकौशल्याचे अवघड काम आहे. तिथे फसवणूक वाचकाची होत असली तरी लबाडी त्याच्याच मनातली असते.

दिवाळी अंकांच्या, वर्षातून एकदा येणाऱ्या मानधनावर घर चालणे मात्र कठीण, त्यामुळे अनेकांनी चित्रकलेला नोकरीची जोड दिली. वसंत सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंते होते. मंगेश तेंडुलकर खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काम करीत. सरवटे यांनी 'ललित'च्या दिवाळी अंकांची साहित्यविश्वाची फिरकी घेणारी मुखपृष्ठे केली आणि 'परकी चलन'सारख्या पुस्तकातून परदेशी व्यंगचित्रकारांचा मर्मज्ञ परिचय करून दिला. पोटापाण्यासाठी कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसल्याने आलेला निवांतपणा त्यांच्या चित्रांत जाणवतो, असे म्हणण्यास जागा आहे.

पगारी वाट वृत्तपत्राची होती. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये लक्ष्मण आणि बाळ ठाकरे हे दोघेही होते. लक्ष्मण 'टाइम्स ऑफ इंडिया'त स्थिरावले, तर ठाकरे यांनी 1960 मध्ये 'मार्मिक' हे स्वतःचे व्यंगचित्र साप्ताहिक काढले. रोज एक कल्पना हवी असण्याचा ताण 'चिंटू'ने वेगळ्या रीतीने सोडवला: 1991 पासून 'सकाळ'मध्ये सुरू झालेली ही चित्रपट्टी चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी जोडीने चालवली.

उपजीविकेच्या दृष्टीने पगारापेक्षाही दूरगामी प्रश्न मालकीचा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या चित्राचा नियतकालिकात प्रसिद्ध करण्यापुरता हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो आणि उरलेले हक्क चित्रकाराकडे राहतात. बाहेरून स्वतंत्रपणे चित्र पाठवणारा, त्याने लेखी ते सोडून दिले नसतील तर, सर्वच हक्कांचा धनी असतो. पुस्तक, दिनदर्शिका, शुभेच्छापत्र, प्रदर्शन यांतून होणारी मिळकत या हक्कांवर उभी असल्याने, मूळ चित्र संपादकाकडून परत मागून घेऊन जपून ठेवणे हा या व्यवसायातला हिशेबाचा भाग ठरतो.