थंकाचित्राची घडण

तिबेटी बौद्ध परंपरेतील थंका, म्हणजे सुती कापडावर रंगवलेले आणि गुंडाळून ठेवता येणारे पूजाचित्र, पाहणाऱ्याला प्रथम आपल्या रंगांनी खिळवते. परंतु ते ज्या क्रमाने घडते त्यात रंगाची पाळी बरीच उशिरा येते. कापडाच्या चारही कडा बारीक काठ्यांना शिवून त्या काठ्या दोरीने मोठ्या लाकडी चौकटीला नागमोडी बांधलेल्या असतात, त्यामुळे कापड सैलावले तरी दोरी ओढून ते पुन्हा ताणता येते. त्याच्या दोन्ही बाजूंना कातड्यापासून केलेला सरस आणि पांढरी माती किंवा खडू यांचा पातळ लेप दिला जातो. हा लेप जाड झाला तर गुंडाळताना तडकतो, आणि सरस कमी पडला तर रंगासह झडू लागतो. वाळलेला पृष्ठभाग मग किंचित ओलावून गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटला जातो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही रंग ओल्या चुन्यावर नव्हे, तर माती आणि वनस्पतींचे तंतू यांच्या वाळलेल्या गिलाव्यावर, पातळ पांढरा थर देऊन भरलेले आहेत. भिंत आणि कापड वेगळे असले तरी कोरड्या जमिनीवर रंगवण्याची रीत एकाच कुळातली आहे.

यानंतर मध्यभागी उभी रेषा आखली जाते, आणि तिच्या आधाराने देवतेचा देह अंगुळांत मोजला जातो. अंगुळ म्हणजे येथे बोटाची प्रत्यक्ष रुंदी नसून मूर्तीच्या उंचीचा ठरावीक अंश होय. कालचक्र तंत्राच्या परंपरेत बुद्धाची उंची 125 अंगुळे, तर अन्य एका तंत्रपरंपरेत 120 अंगुळे मानली आहे, आणि पंधराव्या शतकात मेन्री शैलीचा पाया घालणाऱ्या मेन्ला दोन्डुप याने या मोजमापांवर स्वतंत्र ग्रंथ रचला. हरित तारेचा उजवा पाय पुढे सोडलेला आणि डावा आत घेतलेला असतो, हेही चित्रकाराच्या मर्जीवर अवलंबून नाही. साधनाग्रंथांत ध्यानासाठी जे रूप वर्णिले आहे, तेच कापडावर उतरावे लागते.

अशा नियमबद्ध कलेत चित्रकार केवळ नक्कल करतो, हा समज रंगकामापाशी टिकत नाही. दूरचे आधी आणि जवळचे नंतर या क्रमाने आकाश, डोंगर, वस्त्रे आणि शेवटी देह सपाट रंगांनी भरला जातो. निळ्यासाठी अझुराइट, हिरव्यासाठी मॅलाकाइट, तांबड्यासाठी हिंगूळ ही खनिजे सरसात कालवलेली असतात. अझुराइट जितके अधिक घोटावे तितका त्याचा निळा फिकट होत जातो, म्हणून गडद रंगासाठी खल हलक्या हाताने चालवावा लागतो. खरी परीक्षा छटांची असते, कारण नीळ किंवा लाखेचा अत्यंत पातळ रंग कुंचल्याच्या टोकावर घेऊन, ते टोक जिभेला लावून नेमके करीत, असंख्य बारीक ठिपक्यांनी ढग, पाकळ्या आणि अंगकांती यांना गोलाई आणली जाते, आणि या कामात दिवसचे दिवस जातात. ढगांची वळणे, झरे, खडक, पशुपक्षी यांत चित्रकाराला मोकळीकही पुष्कळ असते, आणि शैलींचे वेगळेपण बहुधा तेथेच ओळखू येते.

सोन्याचे रेखाटन अकीकाने घोटून उजळल्यावर सर्वांत शेवटी डोळे रंगवले जातात. पाठीमागे देवतेचे कपाळ, कंठ आणि हृदय यांच्या नेमक्या जागी ओम्, आः, हूँ ही काया, वाचा आणि चित्त यांची बीजाक्षरे लिहिली जातात, आणि मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेशी ज्याचे नाते सांगता येईल अशा विधीत लामा मंत्रपठणाने त्या रूपात देवतेला आवाहन करतात. त्यामुळे थंकाची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच महत्त्वाची आहे. जुन्या थंकांभोवतीचे किनखाब काढून त्या काचेआड चौकटीत बसवल्या गेल्या की ही अक्षरे दिसेनाशी होतात. निदान संग्रहालयांनी तरी अशा चित्रांच्या पाठीचे छायाचित्र शेजारी लावावे.