छापील इलेक्ट्रॉनिक्स : बाजार आणि यंत्रावरचा माणूस

छापखान्यात एखादा खिळा उलटा बसला, तर वाचक तो मनातल्या मनात सरळ करून घेतो. हजार अक्षरांत एक चूक राहिली, तरी त्या पानाला आपण चांगले पान म्हणतो. आज ज्या धंद्याविषयी बोलावयाचे आहे, त्यातही छपाई आहे, शाई आहे, कागदाऐवजी प्लॅस्टिकची फिल्म आहे. परंतु चूक सुधारून वाचणारा वाचक मात्र नाही. या धंद्याचे यश आणि अपयश पुष्कळ अंशी या एका फरकात आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. शाईत नेहमीच्या रंगाऐवजी चांदीचे बारीक कण मिसळले, तर छापलेली रेघ वाळल्यावर तारेसारखी वीज वाहून नेते. लग्नपत्रिका ज्या रीतीने स्क्रीनवर छापतात, त्याच रीतीने, ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई दाबून, ही रेघ काढता येते. पुढे १९७७ साली हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा या शास्त्रज्ञांनी काही प्लॅस्टिकेही वीज वाहू शकतात असे दाखवून दिले, आणि २००० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून मोठी आशा निर्माण झाली. सिलिकॉनच्या चिपांचा कारखाना उभारावयास अब्जावधी डॉलर लागतात. मग वर्तमानपत्राप्रमाणे रिळावरून रिळावर विद्युत्मंडले छापता आली, तर ती वर्तमानपत्राइतकीच स्वस्त का होऊ नयेत?

ही आशा अगदीच फोल ठरली असे नाही. मोटारीच्या मागच्या काचेवर दंव घालवण्यासाठी ज्या आडव्या रेघा असतात, त्या चांदीच्या लुकणाने छापून भट्टीत भाजलेल्या असतात. मायक्रोवेव्ह भट्टीची सपाट बटणे बहुधा अशाच छपाईची असतात. छपरावरील सौरपत्र्यात सिलिकॉनच्या काळसर चकतीवर ज्या बारीक रेघा दिसतात, त्याही बहुतांशी स्क्रीनवरच छापतात. आणि सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे रक्तातील साखर मोजण्याची पट्टी. १९८७ च्या सुमारास अशा पट्ट्या बाजारात आल्या. त्यांतील विद्युत्अग्रे कार्बनच्या शाईने छापलेली होती. आज जगात दर वर्षी अब्जावधी पट्ट्या वापरल्या जातात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. हा बाजार किती मोठा आहे, हे निराळे सांगावयास नको.

आता या यशस्वी वस्तूंत समान काय आहे ते पाहा. रेघ जाड आहे, थर थोडे आहेत, कामात विजेची फार चपळाई लागत नाही. साखरेच्या पट्टीत तर छपाईने आपला दोष उघड कबूल केला होता. पूर्वी पट्ट्यांच्या डबीवर एक आकडा असे आणि तो यंत्रात भरावा लागे. कारण एका घाण्याची पट्टी दुसऱ्या घाण्यासारखी तंतोतंत निघत नसे. तो फरक या आकड्याने भरून काढावा लागे. पुढे उत्पादनात इतकी एकसारखेपणा आली की पुष्कळ यंत्रांतून तो आकडा नाहीसा झाला. ग्राहकाला वाटले, यंत्र सुधारले. खरे पाहता छपाईही सुधारली होती.

जेथे बाजार याहून अधिक मागू लागला, तेथे अडचणी सुरू झाल्या. हिशोबच करून पाहू. एक ट्रान्झिस्टर हजारात ९९९ वेळा बिनचूक छापला जातो असे धरा. शंभर ट्रान्झिस्टरांचे मंडल छापले, तर शंभरातली सुमारे ९० मंडले चालतील. हजारांचे छापले, तर फक्त ३७ चालतील. उरलेली ६३ कचऱ्यात. वर्तमानपत्राला जे प्रमाण भूषणावह, ते येथे दिवाळे काढणारे ठरते.

दुसरी अडचण रजिस्टरची. चार रंगांची छपाई करणाऱ्या प्रत्येक मशीनमनला ती ठाऊक आहे. ट्रान्झिस्टर म्हणजे एकावर एक नेमके बसलेले निदान चार थर. मधल्या विजेला अडवणाऱ्या थरात सुईच्या टोकाहून बारीक भोक राहिले, तरी वरचा व खालचा थर भिडतात आणि काम संपते. शिवाय शाई पक्की करावयाची तर उष्णता हवी, आणि साधी पॉलिएस्टर फिल्म सुमारे १५० अंशांपुढे टिकाव धरत नाही. ती हजारात एक भाग जरी आखडली, तरी मीटरभर लांबीत एक मिलिमीटरचा फरक पडतो. येथे तर केसाएवढा फरकही चालत नाही.

तिसरी अडचण चांदीची. आपल्याकडे चांदीने किलोमागे एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आहे. तांबे स्वस्त खरे, पण त्याचे बारीक कण हवेने चटकन गंजतात. कार्बन टिकतो, पण वीज वाहण्यात चांदीच्या फार मागे आहे.

चौथी अडचण प्रतिस्पर्ध्याची. छपाई सुधारेपर्यंत सिलिकॉन थांबून राहिले नाही. अमेरिकेत २००१ साली कोनार्का नावाची कंपनी निघाली. नाव ओडिशातील सूर्यमंदिरावरून घेतलेले, आणि संस्थापकांत स्वतः हीगर होते. प्लॅस्टिकवर सौरपत्रे छापावयाची हा तिचा संकल्प. २००८ साली तिने न्यू बेडफर्ड येथील पोलरॉइडचा जुना कारखाना घेतला. परंतु छापील पत्रा उन्हाचा थोडाच भाग विजेत उतरवी आणि सिलिकॉनच्या पत्र्याइतका टिकतही नसे. त्यात २०११ साली सिलिकॉनच्या पत्र्यांचे भाव कोसळले. जून २०१२ मध्ये कोनार्काने दिवाळे जाहीर केले. २०२१ साली प्लॅस्टिकवर बत्तीस बिटांचा प्रक्रियक तयार झाला, त्यात अठरा हजारांवर द्वारे होती. परंतु तोही छापून नव्हे, तर चिपांच्या कारखान्यातल्याप्रमाणे प्रकाशाच्या साहाय्याने कोरून काढला होता.

तात्पर्य असे, की सिलिकॉनला हटवण्याचे स्वप्न सोडून, जेथे जागा मोठी, वाकण्याची गरज आणि काम सोपे, तेथे छपाईने पाय रोवावा. विचार करण्याचे काम सिलिकॉनच्या कणाएवढ्या चिपने करावे. तारा, बटणे, तापक व मापके छपाईने पुरवावीत. आपल्या देशातही हे काम चालू आहे. कानपूरच्या आयआयटीत लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय केंद्र आहे, आणि छपाईच्या अशा लुकणांवर काम करणारी सी-मेट ही संस्था तर पुण्यातच आहे.

आता ज्या कारणासाठी मी हा विषय निवडला त्याकडे येतो. बाजाराच्या अंदाजपत्रकांत शाई असते, फिल्म असते, यंत्र असते. यंत्रावरचा माणूस नसतो. वस्तुतः वर सांगितलेल्या अडचणींपैकी निम्म्या त्याच्या हातातल्या आहेत. जाळीचा ताण किती, पट्टीचा कल किती, पावसाळी हवेत शाई कशी वागते, हे पुस्तकात थोडे आणि सवयीत फार असते. संगणकावरची जुळणी आली तेव्हा खिळे जुळवणारे कंपोझिटर घरी बसलेले मी पाहिले. त्यांना शुद्धलेखन येत होते, पानाची मांडणी येत होती. पण हे ज्ञान नव्या यंत्रापर्यंत न्यावे असे मालकांना सुचले नाही, आणि आम्हीही, खरे सांगावयाचे तर, भरपाईपुढचे मागितले नाही.

ती चूक पुन्हा होऊ नये. स्क्रीन आणि ऑफसेटवर हात बसलेली हजारो माणसे आपल्याकडे आहेत. मुंबईत व पुण्यात मुद्रणतंत्र शिकवणाऱ्या जुन्या संस्था आहेत. त्यांच्या वर्गात विजेची शाई यावी, कामगाराला पगारी प्रशिक्षण मिळावे, द्रावकांच्या वाफांपासून त्याच्या फुफ्फुसांचे रक्षण व्हावे आणि दोष कमी झाल्याने जो नफा वाढेल त्यात त्याचा वाटा असावा, ही मागणी आपण आजच केली पाहिजे. हजारातली ती एक चूक कमी करणारा माणूस यंत्राबरोबर विकत मिळत नाही. तो घडवावा लागतो, आणि टिकवावा लागतो.