घरगुती इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर : गाभा, वेढे आणि एक धोका

शहापूर व मुरबाड हे दोन्ही तालुके भरपूर पावसाचे. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या बाजूंच्या गावांना व पाड्यांना वीज पोचते ती पुष्कळ ठिकाणी झाडीतून गेलेल्या तारांवरून. मृगाच्या वादळात एखादी फांदी तारेवर पडली, की गेलेली वीज केव्हा येईल याचा नेम नसतो. भातसा धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॉट शक्तीचे वीजकेंद्र आहे. पण तार तुटली म्हणजे धरणाशेजारचा पाडाही अंधारातच राहतो. यास्तव अनेक घरांतून हल्ली बॅटरीवर चालणारे इन्व्हर्टर दिसतात, आणि तंत्रशाळेत चार गोष्टी शिकून आलेले तरुण ते घरीच तयार करतात. हा उद्योग स्तुत्य आहे. तथापि, त्यातील ट्रान्सफॉर्मर अंदाजाने गुंडाळण्याची जी पद्धत आढळते, ती मात्र सोडून द्यावयास हवी.

प्रथम भार ठरवावा. ९ वॉटचे पाच दिवे आणि ७५ वॉटचे दोन पंखे मिळून सुमारे २०० वॉट होतात. थोडी सवड ठेवून ट्रान्सफॉर्मर ३०० व्होल्ट-अँपिअरचा धरावा. येथे कुक्कुटपालक बंधूंना एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. पिलांना ऊब देणारे ६० वॉटचे चार बल्ब या इन्व्हर्टरवर लावले, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे २५ अँपिअर प्रवाह खेचला जातो. १५० अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी रिकामी होण्यास तीनच तास पुरतात. पावसाळी रात्र तीन तासांची नसते. उबेसाठी कोळशाची शेगडी किंवा गॅसचा ब्रूडर, आणि शेडमधील उजेडासाठी इन्व्हर्टर, अशी वाटणी करावी. शेगडी वापरताना शेडमध्ये हवा खेळती ठेवावी. विहिरीवरील मोटर तर या यंत्रास जोडूच नये. सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह मागते.

आता गाभा. ट्रान्सफॉर्मरमध्ये पोलादी गाभ्यावर दोन वेटोळी असतात. एकातून उलटसुलट वाहणारा प्रवाह गाभ्यात बदलते चुंबकत्व निर्माण करतो आणि त्या बदलामुळे दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. फॅरेडे यांनी १८३१ साली लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून जे पाहिले, तेच हे तत्त्व. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेचा असतो, म्हणून मॉस्फेट नावाचे स्विच तो वेटोळ्याच्या दोन अर्धांतून आळीपाळीने, सेकंदाला ५० आवर्तने होतील अशा रीतीने सोडतात.

गाभ्याची जाडी भारावरून ठरते. व्होल्ट-अँपिअरच्या वर्गमुळास १.१५ ने गुणले, की गाभ्याच्या मधल्या जिभेचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मिळते. ३०० चे वर्गमूळ १७.३; म्हणून क्षेत्रफळ २० चौ. सें.मी. ५ सें.मी. रुंद जिभेचे स्टँपिंग पत्रे घेतल्यास त्यांची चळत ४.२ सें.मी. उंच रचावी. गुणाकार २१ येतो, पण पत्र्यांवरील वॉर्निशचा थर व मधल्या फटी यांत सुमारे पाच टक्के जागा जाते.

वेढ्यांसाठी साधा नियम असा : ५० या आकड्यास गाभ्याच्या चौ. सें.मी. क्षेत्रफळाने भागावे, म्हणजे दर व्होल्टास किती वेढे द्यावयाचे ते कळते. आपल्या गाभ्यास ५० भागिले २० म्हणजे अडीच वेढे. १२ व्होल्टच्या बाजूस प्रत्येक अर्धात ३० वेढे, आणि २३० व्होल्टच्या बाजूस ६०० वेढे. गुणोत्तर वीस पट झाले. स्विच व तारा यांत अर्धा व्होल्ट खर्च होऊन ११.५ व्होल्ट उरतात, त्यांचे २३० होतात. बॅटरी पूर्ण भरलेली व भार नाममात्र असता हेच २५० च्या वर जातात आणि बॅटरी उतरली की २०० वर येतात, हे ध्यानात ठेवावे. हा नियम चौकोनी लहरीच्या साध्या इन्व्हर्टरचा आहे. साइन लहरीच्या इन्व्हर्टरमध्ये लहरीचे शिखर परिणामी (आरएमएस) मूल्याच्या १.४१ पट असते, म्हणून तेथे बॅटरीच्या बाजूचे वेटोळे सुमारे साडेसात व्होल्टचेच धरावे लागते.

वेढे कमी दिले तर काय होते, हे मुरबाड तालुक्यातील एका घरी मी पाहिले. तार महाग पडते म्हणून तेथील तरुणाने याच मापाच्या गाभ्यावर ३० ऐवजी १८ वेढे दिले होते. गुणोत्तर मात्र राखले होते. व्होल्टेज बरोबर येई, त्यामुळे दोष कोणाच्या लक्षात येईना. परंतु गाभा चुंबकत्वाने संपृक्त होऊन घों घों आवाज करी, आणि एकही दिवा लावला नसता सकाळपर्यंत बॅटरी बसे. त्याने दोन वेळा बॅटरी बदलून आणली होती. दोष वेढ्यांत होता.

तारेची जाडी प्रवाहावरून घ्यावी. दर चौरस मिलिमीटरला ३ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह नसावा. २३० व्होल्टच्या बाजूस ०.७५ मि.मी. व्यासाची इनॅमलची तांब्याची तार पुरते. बॅटरीच्या बाजूस १.६ मि.मी. व्यासाच्या तीन तारा एकत्र घ्याव्यात; एकच जाड तार वळवताना बॉबिन फुटते. तारांचा एकूण छेद गाभ्याच्या खिडकीच्या सुमारे एकतृतीयांश भरला पाहिजे. त्याहून फार अधिक भरल्यास कागदाला जागा उरत नाही, आणि कागद वाचवलेला ट्रान्सफॉर्मर फार दिवस टिकत नाही.

बारीक तार आधी गुंडाळावी. वेढ्याशेजारी वेढा बसवून प्रत्येक थरावर कागद, आणि दोन्ही वेटोळ्यांच्या मध्ये लेदरॉइडचे तीन पदर द्यावेत. नंतर जाड तारांचे दोन्ही अर्ध बरोबरीने, शेजारी शेजारी गुंडाळावेत. पहिल्या अर्धाचे शेवटचे टोक दुसऱ्याच्या आरंभीच्या टोकास जोडावे. तो मध्यबिंदू बॅटरीच्या धन टोकाकडे जातो. दोन्ही आरंभीची टोके एकत्र केली, तर मॉस्फेट क्षणात जळतात. पत्रे एकदा उजवीकडून व एकदा डावीकडून असे सरकवावेत, लाकडी मोगरीने ठोकून फट बुजवावी, व शेवटी वॉर्निश पाजून वाळवावे.

पहिली चाचणी महावितरणच्या विजेवर, १०० वॉटचा तारेचा बल्ब २३० व्होल्टच्या वेटोळ्याशी एकसरीत जोडून घ्यावी. बल्ब जेमतेम लाल झाला तर काम ठीक आहे. लख्ख पेटला तर आत कोठे तरी दोन वेढे एकमेकांस चिकटले आहेत, ते उलगडून पुन्हा गुंडाळावे. ही चाचणी तारतंत्र्याच्या समक्षच व्हावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ट्रान्सफॉर्मरला दिशा नसते. गावाची डीपी ११,००० व्होल्ट उतरवून घरगुती दाबावर आणते. तिच्या खालच्या बाजूने २३० व्होल्ट आत गेले, तर वरच्या बाजूस सुमारे १०,००० व्होल्ट उभे राहू शकतात. काही घरांत दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून इन्व्हर्टरची वीज भिंतीवरील प्लगमध्येच देतात. मेन स्विच बंद करावयाचे एकदा विसरले, की ती वीज खांबावरील तारांत जाते. गावभराचा भार पडून बहुधा ती दबते. परंतु तार आपल्या घरापलीकडेच तुटलेली असेल, तर तो भार मध्ये नसतो. डीओ काढून, लाईन मृत समजून पावसात खांबावर चढलेला लाईनमन त्या वेळी त्याच तारेस हात लावीत असतो. खांबावरच्या तारेतील २३० व्होल्टही जीव घेण्यास पुरतात.

यास्तव इन्व्हर्टरचे दिवे व पंखे यांची वायरिंग स्वतंत्र असावी. ते शक्य नसेल तेथे फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा दोन बाजूंचा चेंजओव्हर स्विच परवानाधारक तारतंत्र्याकडून बसवून घ्यावा. या स्विचमध्ये महावितरण व इन्व्हर्टर एकाच वेळी जोडले जाऊच शकत नाहीत. बॅटरीच्या धन टोकालगत ४० अँपिअरचा फ्यूज असावा, व बॅटरी चुलीपासून दूर, मोकळ्या हवेत ठेवावी; भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरभेटीत इन्व्हर्टर दिसल्यास दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घरात आहे काय, हे प्रथम विचारावे, आणि असल्यास ती तेथेच कापावयास लावावी.