मनाचे घाव (भाग ६) : संशयाखाली वाढणारी लेकरं

गेल्या आठवड्यात पूर, अपघात अशा एकदाच कोसळणाऱ्या आपत्तीचा मनावरचा परिणाम पाहिला. आजचा घाव जन्मासोबतच येतो आणि रोज थोडा थोडा बसत राहतो.

अमरावती-अकोल्याकडच्या फासेपारध्यांचंच घ्या. १८७१मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. शिक्का बसलेल्या जमातींना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे, गाव सोडायला परवाना लागे. पुढे पारधीही त्यात ओढले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा रद्द झाला, संशय उरला. आजही आसपास चोरी झाली की चौकशीची गाडी आधी पारधी बेड्याकडे, म्हणजे त्यांच्या वस्तीकडे वळते.

शाळेतही तेच. कुणाची कंपासपेटी हरवते, कुणी काही बोलत नाही, फक्त चार माना पारध्यांच्या लेकराकडे वळतात. ते न विचारताच दप्तर उलटं करून दाखवतं. पेटी दुसऱ्याच बाकाखाली सापडते आणि तास पुढे सुरू होतो. त्याची छाती मात्र धडधडतच असते. धोका टळला की शरीर सैल पडावं, हा निसर्गनियम. पण उद्या पुन्हा हेच होणार, हे या शरीराला ठाऊक असतं. झोप सावध होते, धड्यावर चित्त ठरत नाही, कुणी सहज हाक मारली तरी लेकरू अंग चोरतं. गुरुजी म्हणतात, याचं अभ्यासात लक्षच नाही!

याहून वाईट म्हणजे जगाची नजर हळूहळू आपलीच होते. अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या सुमारास कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या-काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, असं विचारल्यावर बहुतेकांनी गोरी दाखवली. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात त्यांच्या संशोधनाचा हवाला आहे.

मग उपचार काय? आघातातून सावरण्याची पहिली पायरी सुरक्षितता, असं मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन सांगतात. समुपदेशनाचा उपयोग आहेच. पण पहाटे पुन्हा गाडी येणार असेल, तर त्या लेकराला ‘घाबरू नको’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. इथे उपचार ठाण्यात आणि शिक्षकांच्या खोलीतही व्हायला हवेत.

सुरक्षित जागा उभी करता येते. मतीन भोसले यांनी शिक्षकाची नोकरी सोडून नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथे पारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही आश्रमशाळा काढली. भीक मागणारी मुलं तिथे राहून शिकू लागली. सगळेच आपले असले की कुणाच्या माना वळत नाहीत. पुढे समृद्धी महामार्गात तिच्याच काही इमारती गेल्या. सुरक्षितता किती कच्च्या पायावर असते, ते यातून कळतं.

दुसरी वाट मानाची. गवतात फासे मांडून, तोंडाने तित्तराचा आवाज काढून पाखरू जवळ आणणं ही पारध्यांची पिढीजात विद्या. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा गुन्हा झाला. पण अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ संस्थेसोबत याच लोकांनी दुर्मीळ तणमोर आणि त्याची गवताळ रानं राखायला घेतली. ज्या जाणकारीमुळे आजा आरोपी ठरला, तीच शिकायला आता अभ्यासक नातवाकडे येतात. असा मान दवाखान्यात मिळत नाही.

पुढच्या भागात अमरावतीचा १९२७चा अंबादेवी मंदिर सत्याग्रह : अपमानाविरुद्ध एकत्र उभं राहिल्याने मनात काय बदलतं?