बोलक्या पुस्तकातलं पान ४७

पुस्तक वाचून रेकॉर्ड केलं की ते अंध वाचकापर्यंत पोचलं, अशी बहुतेकांची समजूत असते. कॅसेटच्या काळात याहून फारसं काही करताही येत नव्हतं. पण वर्गात बाई ‘पान ४७ उघडा’ म्हणतात, तेव्हा आठ तासांच्या सलग आवाजात ते पान शोधायचं कुठे? मागे-पुढे करता करता उतारा शिकवूनही होतो. बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयांनी १९९६ मध्ये एकत्र येऊन ‘डेझी’ संघ स्थापन केला, तो अशाच अडचणींवर मार्ग काढण्यासाठी. या संघाच्या पद्धतीने तयार केलेल्या डेझी पुस्तकात प्रत्येक मथळ्याला पातळी देता येते, थेट सहा पातळ्यांपर्यंत. शिवाय छापील पान जिथे सुरू होतं, तिथे पानाची खूण. वाचक एका बटणाने पातळी निवडतो आणि दुसऱ्याने पुढच्या प्रकरणावर किंवा हव्या त्या पानावर उडी घेतो. ई-पब या ई-पुस्तकांच्या स्वरूपातही हीच सोय आहे.

या खुणा करण्याचं काम अनेक ठिकाणी स्वयंसेवक करतात. ‘हे तर संगणक आपोआप करेल’ हे त्यांना वारंवार ऐकावं लागतं. संगणक मदत करतो, हे खरं. ‘ओबी’ हे मोफत सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगमधली शांतता ओळखून त्याचे तुकडे पाडतं. पण यातला कुठला तुकडा मथळा आणि कुठला साधा विराम, हे ऐकणाऱ्या माणसानेच सांगावं लागतं. स्कॅन केलेल्या मजकुरात तर दर पानाच्या माथ्यावर छापलेलं पुस्तकाचं नाव वाक्याच्या मधोमध येऊन बसतं. ते काढायचं, तळटीप वेगळी करून ती वगळून पुढे जाण्याची सोय ठेवायची, हे सगळं समजून-उमजून करायचं काम आहे.

दासबोधच घ्या. वीस दशक, प्रत्येकात दहा समास. निरनिराळ्या आवृत्त्यांमध्ये पानं बदलतात, त्यामुळे अभ्यासक ‘अकरावा दशक, पाचवा समास’ असाच संदर्भ देतात. म्हणजे दशक पहिल्या पातळीवर, समास दुसऱ्या. दोनशे समास एकाच पातळीवर टाकले, तर वाचकाला अकराव्या दशकापर्यंत शंभर मथळे ओलांडत जावं लागेल. पातळ्या ठरवणं हे मला संपादनाचंच काम वाटतं, आणि ते ग्रंथ जाणणाऱ्याकडेच जायला हवं.

‘पीडीएफ आहे की, मग झालं!’ हेही खरं नाही. पानांची नुसती छायाचित्रं असलेल्या पीडीएफमध्ये वाचण्याजोगा मजकूरच नसतो. मराठीत आणखी एक अडथळा आहे. जुन्या डीटीपी फाइल युनिकोडमध्ये नसतात. डोळ्यांना अक्षरं शुद्ध दिसतात, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला मात्र निरर्थक चिन्हं मिळतात. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो, खुणा त्यानंतर.

खुणा करण्यासाठी गोड आवाज किंवा प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. वर्डमधली ‘हेडिंग’ शैली नीट वापरता आली, तरी सुरुवात होते. अक्षर ठळक आणि मोठं केल्याने मात्र मथळा होत नाही. तो फक्त डोळ्यांना मथळा दिसतो.

लेखकाच्या परवानगीशिवाय असं पुस्तक तयार करणं बेकायदा ठरेल, ही भीतीही निराधार आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रती करायला मुभा देतं. ना-नफा संस्थांना त्या केवळ खर्चाएवढ्या किमतीत देता येतात, आणि त्या इतरत्र जाणार नाहीत याची काळजीही त्यांनीच घ्यायची असते. म्हणून स्वयंसेवकाने अशा संस्थेमार्फतच काम करावं आणि तयार फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नये. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयामुळे एका संस्थेचं पुस्तक इतर संस्थांच्या वाचकांनाही मिळू लागलं. चुकलेली पातळीही त्या सगळ्यांपर्यंत जाते, तेव्हा पाठवण्याआधी अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक मथळ्यावर जाऊन तो योग्य जागी उघडतो का, हे तपासून घ्यावंच लागतं.