आधी फ्लोराईड, मग फॉस्फेट

२०२१ च्या मार्चअखेरीस अमेरिकेत फ्लोरिडातल्या पायनी पॉइंट इथल्या एका खत कारखान्याच्या तळ्याच्या अस्तराला गळती लागली. हा कारखाना २००१ पासून बंद होता, तळं मात्र भरलेलंच होतं. बांध फुटू नये म्हणून सुमारे ८१ कोटी लिटर पाणी टँपा उपसागरात सोडावं लागलं. अशा पाण्यातले फॉस्फरस आणि नायट्रोजन मिळाले की शेवाळ माजतं, आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. म्हणून असं पाणी साठवून ठेवणं हा उपाय नव्हे. ते शुद्ध करावंच लागतं.

हे पाणी येतं कुठून? रॉक फॉस्फेटवर गंधकाम्लाची क्रिया केली की फॉस्फोरिक आम्ल मिळतं आणि मागे जिप्सम उरतं. आम्लातल्या दर टन फॉस्फरस पेंटॉक्साईडमागे सुमारे पाच टन. जिप्सम पाण्याबरोबर ढिगावर नेतात आणि निथळलेलं पाणी पुन्हा वापरतात. फिरून फिरून त्याचा सामू १ ते २ पर्यंत उतरतो. लिटरमागे हजारो मिलिग्रॅम फॉस्फरस साचतो, आणि सोबत भरपूर फ्लोराईड. आपल्याकडे नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा आहे लिटरला ५ मिलिग्रॅम फॉस्फरस.

औषध साधंच आहे: चुना. पण तो एकदम ओतायचा नाही.

पहिल्या टाकीत चुनखडीची पूड किंवा चुना घालून सामू ५ च्या आसपास आणतात. चुन्यातला कॅल्शियम फ्लोराईडशी बांधला जातो आणि तो क्षार तळाशी बसतो. फॉस्फेट मात्र बहुतांश पाण्यातच राहतं. इतक्या आम्लात प्रत्येक फॉस्फेटला दोन हायड्रोजन चिकटलेले असतात आणि त्याचा कॅल्शियम क्षार पाण्यात विरघळतो. सुपर फॉस्फेट शेतात लागू पडतं ते याच क्षारामुळे.

दुसऱ्या टाकीत चुन्याची निवळी नव्हे, दाट दूध घालतात आणि सामू १०.५ ते ११ पर्यंत चढवतात. फॉस्फेटचे हायड्रोजन सुटत जातात, मग कॅल्शियम त्याला घट्ट धरतो. हाडं आणि दात ज्या खनिजाचे बनतात त्याच जातीचा गाळ तयार होतो. डीएपी खताच्या कारखान्याचं पाणी असेल तर इथेच अमोनियाचा वायू सुटतो, त्याची वेगळी सोय लागते.

खरी कसोटी गाळाची. तो बारीक असतो, पाणी धरून ठेवतो. पॉलिइलेक्ट्रोलाइट घालून त्याचे कण एकत्र आणतात, क्लॅरिफायरमध्ये बसवतात, मग फिल्टर प्रेसमध्ये पिळतात. वर राहिलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साईड किंवा आम्ल सोडून सामू ९ च्या खाली आणतात; उरलासुरला फॉस्फरस तुरटीने काढता येतो.

दोन टप्प्यांचा आग्रह धरायचा तो या गाळासाठीच. सगळा चुना एकदम घातला तर फ्लोराईड आणि फॉस्फेटची खिचडी होते, आणि ती पुरण्यापलीकडे फारशी कामाची नाही. वेगळा काढलेला फॉस्फेटचा गाळ रॉक फॉस्फेटबरोबर पुन्हा आम्लात घालता येतो.