लेखासोबतच्या फोटोसाठी कॅमेरा कोणता घ्यावा?

"ताई, विहारातल्या कार्यक्रमावर लेख लिहिलाय, फोटोसाठी कोणता कॅमेरा घेऊ?" असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, फोटो काढणार कुठे आणि किती वाजता?

इगतपुरीत आपले बरेचसे फोटो वर्षावासातले असतात. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. बाहेर घाटातला पाऊस आणि धुकं, आत दोन ट्यूबलाइट. (धम्मगिरीच्या शिबिरात मोबाइलच जमा करावा लागतो, तिथला प्रश्न मिटला.) दुकानदार मेगापिक्सेल सांगतो, पण वेबसाइटला १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो पुरतो आणि १२ मेगापिक्सेलचा मोबाइल सुमारे ४००० देतो. कमी पडतो तो उजेड.

म्हणून पैसे लेन्सवर घाला, बॉडी जुनी चालेल. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ लेन्स ५५ वर एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिमी एफ १.८ ची साधी लेन्स जवळपास दहापट उजेड घेते. ग्रंथ वाचणाऱ्या आजींचा चेहरा फ्लॅश न मारता मिळतो, वाचनही थांबत नाही. अडचण एकच. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ७५ मिमीसारखी वागते, छोट्या विहारातली सगळी मंडळी त्यात मावत नाहीत. तो फोटो मोबाइलने काढा. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा: आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो, त्याहून वेगवान शटरने फोटोत पट्टे येऊ शकतात.

इथला पाऊस लेन्सचा शत्रू. मी एक पावसाळाभर लेन्स कपाटात ठेवली, दिवाळीत काढली तर आत बुरशीची जाळी. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवते.

अत्याचाराच्या घटनेवर लिहिताना मात्र कॅमेऱ्यापेक्षा फाइल महत्त्वाची. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि कधी, कुठे काढला ही त्यातली नोंद निघून जाते. उद्या कोणी तो जुना किंवा दुसऱ्या गावचा म्हणालं तर काय दाखवणार? डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल कार्डावरून पुसण्याआधी दोन ठिकाणी ठेवा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख कळेल असं काहीही छापू नका. मूल असेल तर पोक्सो कायद्याने घर, शाळा, शेजारसुद्धा त्यात येतो. अशा लेखाला मोर्चाचा फोटो लावा, त्यातही घरच्यांचे चेहरे नकोत.